फायरिंगचा आवाज

देवळाली कॅम्पात वाढलेल्या माणसाला आवाजाचं काही वाटत नाही. डोंगराकडे तोफांचा सराव सुरू झाला की खिडकीच्या काचा थरथरायच्या, मांडणीवरचे पेले एकमेकांना लागायचे आणि आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "फायरिंग आहे, जेव." नवा पाहुणा दचकला की आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो.

कॉलेजसाठी मी दुसऱ्या शहरात गेले. तिथे एका दुपारी मैत्रिणीबरोबर कँटीनमध्ये डोसा खात होते. मोठा आवाज झाला, काचा हलल्या. मैत्रीण ताडकन उठली. मी म्हटलं, "अगं, फायरिंग आहे, बस." तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि सगळ्यांबरोबर पळाली. चटणी मागायला मी मान वर केली, तर काउंटरवर कुणीच नव्हतं. बाहेरच्या बाजारात बॉम्ब फुटला होता.

आम्ही दोघी सुखरूप. ती कितीतरी दिवस रडली, झोपेत ओरडली, आणि आता पुन्हा वर्गात जाते. मी घरी आले ती इथेच आहे. भूक लागते, जेवते. चव विचारू नका. धाकटा भाऊ पहिला आला, मी पेढा खाल्ला, झालं. समुपदेशक बाई विचारतात, "भीती वाटते का?" मी नाही म्हणते, आणि ते खरं असतं. "मग काय वाटतं?" इथे माझी गाडी अडते. कॉलेजला परत जायचं तर आधी काहीतरी वाटायला हवं ना. आई म्हणते, "एकदा मोकळेपणी रड गं बाई." मी काय नळ आहे?

परवा सकाळी आई आणि मी वाटाणे सोलत होतो. सराव सुरू झाला. पहिल्याच आवाजाला आईच्या मांडीवरचं ताट उलटलं. जिने अख्खा संसार याच आवाजात केला, तिने माझं मनगट घट्ट धरलं. माझ्या हातातली शेंग तशीच होती.

"फायरिंग आहे, आई."

"माहितीये मला," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझा फोन लागत नव्हता ना, तेव्हापासून असंच होतं." मनगट काही सोडलं नाही.

मला तिचा हेवा वाटला. इतक्या महिन्यांत मला वाटलं ते एवढंच. मोकळ्या हाताने मी वाटाणे गोळा केले आणि पुढच्या आवाजाची वाट बघत बसले, निदान एकदा तरी दचकता येतं का ते बघायला.