वंदना आणि चंद्रपूरची महाकाली

"मले गडचिरोलीले सोडाले येशीन त मधात चंद्रपूर घेशीन का? मले महाकालीले भेटायचं हाय," धाकटी बहीण वंदना म्हणाली, तेव्हा मी चमकले. लहानपणी कॅलेंडरवरची कालीमाता दिसली की ही माझ्यामागे लपायची. कॅन्सरच्या उपचारांसाठी ती माझ्याकडे नागपूरला होती. उपचार संपले, डॉक्टरांनी गडचिरोलीला घरी जायला परवानगी दिली, पण शाळेत पुन्हा शिकवायला उभं राहायचा तिला धीर होत नव्हता.

"काली काऊन गं?"

"बाकीच्या देव्या लय शांत हायेत, ताई. मले भांडणारी पाहिजे."

सकाळीच गाडी काढली. वरोऱ्याला तर्रीपोहे आणि चहा घेतला. रस्ता चांगला आहे; कोळशाचे ट्रक मात्र सांभाळा. तीनेक तासांत चंद्रपूर. जाणार असाल तर आमच्यासारखे थंडीत जा. चैत्रातल्या यात्रेला गर्दीही अफाट आणि ऊनही.

देवळाबाहेर एक मुस्लिम बाई बांगड्या विकत होत्या. वंदनाच्या मनगटावरून नेहमीच्या मापाच्या बांगड्या सरळ घरंगळल्या. बाईंनी शांतपणे लहान माप काढलं. "आता ह्या घाला बाई. हात भरला का मंग मोठ्या घ्यायले या. मी इथीच रायतो."

महाकालीच्या दोन मूर्ती आहेत. वरची उभी, लाल-पिवळ्या वस्त्रांतली. तिच्या डोळ्यांना डोळे भिडवणं सोपं नाही. दुसरी जमिनीखाली, निजलेली. तिथं अरुंद भुयारातून वाकून जावं लागतं. वंदना वाकली खरी, पण अर्ध्यातच धाप लागून खाली बसली. मागे रांग खोळंबली.

"चल, परत फिरू," मी म्हटलं.

मागून नांदेडकडची एक म्हातारी बोलली, "ती कुठं जातीय? निजलीय तिथंच. बसू द्या लेकराला."

आणि खरंच सगळ्या बाया थांबल्या. कुणी पदरानं वारा घातला, कुणी पाणी पुढे केलं. दम खाल्ल्यावर वंदना माझा हात सोडून एकटी पुढे सरकली. बाहेर आली तेव्हा घामाघूम होती, पण चेहरा मोकळा होता.

दुपारी मूल, सावली ही गावं मागे टाकत गडचिरोलीकडे निघालो. दोन्हीकडे जंगल, मध्येच कापणी झालेली धानाची शेतं. वैनगंगेच्या पुलावर मी विचारलं, "काय मागितलं?"

"काईच नाई. ती झोपून होती ना. म्हटलं, झोप माय, तू लय लढली. आता माहं मी पाहीन."

पूल संपेपर्यंत मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

नागपूरला परतून आता काही आठवडे झाले. देवीनं तिला बरं केलं, असं मी म्हणणार नाही. औषधं चालू आहेत, तपासण्या व्हायच्या आहेत. पण जिला बघून लहानपणी थरकाप व्हायचा, तिच्या पायाशी परक्या बाया आपल्यासाठी थांबतात, हे मी पाहिलं. उग्र देवीला लोक आई का म्हणतात, ते मला तिथं कळलं.

काल सकाळी काळजीनं वंदनाला फोन केला. जेवलीस का, झोप लागते का, माझी नेहमीची सरबत्ती सुरू झाली. तिनं मध्येच तोडलं, "ताई, ठेव आता. घंटी झाली, पोरं वाट पाहून राह्यली."