बंद दाराचं रीडिंग

मीटरकाकांनी निवृत्तीनंतर काय करायचं ठरवलं होतं, असं कुणी विचारलं की काकू सांगतात, "दुसरं काय? घरात बसून मला पिडायचं! देवाची कृपा म्हणून ब्लॉग निघाला."

काकांनी वीज कंपनीत एकतीस वर्षं घरोघरी जाऊन मीटरचे आकडे वाचले. जिन्याखाली, दारामागे, चपलांच्या कपाटावर, एकदा तर न्हाणीघरात टॉवेलामागे. एवढ्या वर्षांत त्यांना तीन कुत्रे चावले आणि एक गृहस्थ अंगावर धावून आले. पण मीटरवाल्यासमोर माणसं आपलं भांडण थांबवत नाहीत, ही त्या नोकरीची खरी कमाई. काका टॉर्च मारून आकडे टिपत आणि मागे बापलेकांची निवडणुकीवरून जुंपलेली असे. कोण कुणाला मत देतं, कोण देतो म्हणतं आणि देत नाही, हे सगळं त्यांच्या कानांवरून गेलेलं. आता बोला, असा माणूस निवृत्त झाल्यावर गप्प बसेल?

बसला नाहीच. दोन महिने ते काकूंना देशाचं परराष्ट्र धोरण समजावत होते आणि काकू कणीक मळत होत्या. शेवटी मुलगी सुट्टीला आली, तिने आईचा चेहरा पाहिला आणि एका दुपारी बापाला ब्लॉग काढून दिला. "बाबा, आईला सोडा. इथे लिहा." नाव ठेवलं 'मीटर चालू आहे'. काकू म्हणाल्या, "लोकांना वाटेल टॅक्सी काढलीत." पण नाव टिकलं.

सोमवारी देश आणि गुरुवारी गाव, असा वार लावलेला. सोमवारचं लिखाण चाळीसएक जण वाचायचे, त्यात काकांचा मेहुणा पहिला. तो प्रत्येक लेखाखाली 'अतिशय परखड' असं लिहितो. एकदा मुलीने तपासणीसाठी नुसतं 'अआइई' चढवलं होतं, त्याखालीही 'अतिशय परखड'. असे वाचक नशिबाने मिळतात.

गुरुवारचं मात्र वेगळं होतं. गुरुवारी तीनशे-साडेतीनशे माणसं वाचायची, कारण नगरपालिकेच्या सभेत कुणी कशाला हात वर केला हे दुसरीकडे कुठे मिळतच नव्हतं. पालिकेचं इतिवृत्त चार महिन्यांनी निघणार आणि त्यात एकच ओळ असणार, 'बहुमताने मंजूर'. बहुमत म्हणजे कोण? ते काकांच्या वहीत. सभागृहात मागच्या बाजूला लोकांसाठी बाकं होती, तिथल्या एका ठरलेल्या जागी काका बसत, कागदावर सगळ्या खुर्च्यांचा नकाशा काढत आणि मतदान झालं की एकेका खुर्चीत खूण करत. अगदी रीडिंग घेतल्यासारखं. गावात वाद निघाला की लोक म्हणत, "काकांनी लिहिलंय ना? मग झालं."

लेख चढवण्याआधी घरात एक परीक्षा असे. दुपारी जेवणं झाली की काकू चष्मा लावून तो मोठ्याने वाचत आणि काका डोळे मिटून ऐकत. जिथे काकूंची जीभ अडखळेल ते वाक्य उडालं. आणि जिथे काकू थांबून विचारतील, "हे पाहिलंत?" तिथे वही काढून दाखवायची. दाखवता आलं नाही तर तेही उडालं. काका चिडायचे, "तू बायको आहेस की तपासनीस?" पण उडवायचे.

मग दवाखान्याचा ठराव आला. कोपऱ्यावरचा पालिकेचा दवाखाना उचलून हमरस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत न्यायचा. इमारत चकचकीत, पण तिथे पोचायचं कसं? गुडघे धरून चालणारी म्हातारी माणसं तो रस्ता ओलांडणार कशी? काकांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच दवाखान्यातल्या. सभेला ही गर्दी! काकांची जागा गेली आणि त्यांना एका खांबामागे उभं राहावं लागलं. खांबामुळे डावीकडच्या कोपऱ्यातल्या चार खुर्च्या दिसेनात. त्यातले तिघे आधी तावातावाने ठरावाच्या बाजूने बोलले होते, त्यांचा प्रश्न नव्हता. चौथी खुर्ची नर्सताईंची.

नर्सताई म्हणजे काकांच्याच वॉर्डाच्या नगरसेविका. निवडून येण्याआधी वीस वर्षं त्याच दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळं गाव त्यांना नर्सताईच म्हणतं. पक्ष सत्तेतला. मागच्या तीन सभांत पक्षाचा न पटणारा ठराव आला की त्या हात मांडीवर ठेवून गप्प बसल्या होत्या. ना बाजूने, ना विरोधात.

विरोधात हात वर झाले, काकांनी दिसतील तेवढे टिपले, आणि ठराव मंजूर झाला. काका घरी आले ते तणतणतच. लेख एका बैठकीत झाला. त्यात हे वाक्य होतं: 'ज्या दवाखान्यात वीस वर्षं इंजेक्शनं दिली, त्याच्यासाठी हात उचलणं नर्सताईंना जड गेलं. हात मांडीवरच राहिले.'

काकू वाचता वाचता तिथे थांबल्या. "हे पाहिलंत?"

"अगं, त्यात पाहायचंय काय? तीनदा तेच केलं तिने."

"बरं," काकू म्हणाल्या आणि पुढे वाचू लागल्या. काकूंचं 'बरं' ज्यांना कळतं ते सावध होतात. काका त्या दिवशी झाले नाहीत.

लेख चार हजार जणांनी वाचला. चार हजार! नर्सताईंच्या हाताचं ते वाक्य तर या फोनवरून त्या फोनवर पळत सुटलं. मेहुण्याने 'अतिशय परखड' पुढे तीन उद्गारचिन्हं दिली. काकांना आभाळ ठेंगणं झालं. दोन दिवस ते आरशासमोर जरा जास्तच वेळ भांग पाडत होते.

सोमवारी सकाळी दार वाजलं. नर्सताई होत्या. एकट्याच. चपला बाहेर काढून आत आल्या, काकूंनी दिलेलं पाणी हातात घेऊन बसल्या.

"काका, माझ्या घरचं मीटर तुम्ही किती वर्षं वाचलंत?"

"बावीस."

"एकदाही चुकलं नाही. म्हणूनच विचारायला आले. त्या दिवशी माझा हात तुम्ही पाहिलात?"

काकांनी तोंड उघडलं. बाहेर आलं ते एवढंच, "मध्ये खांब होता."

"हात वर होता," ताई म्हणाल्या. "आमच्या पक्षाच्या बाकांवरचा एकटा. ही बघा त्याची नोटीस." त्यांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. "पक्ष विचारतो, हात वर का केला? आणि गल्ली विचारते, का नाही केला? काल भाजीवाली म्हणाली, 'ताई, तुम्हाला लाज कशी वाटली नाही?' तिने तुमचं वाचलेलंही नाही हो. नुसतं ऐकलंय. तिला मी काय सांगू?"

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. आरडाओरडा केला असता तर काकांना बरं वाटलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. ताईंनी पाणी संपवलं, उठल्या, आणि काकांच्या चेहऱ्याकडे पाहून थबकल्या. सवयीने त्यांचं मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे बघत नाडी मोजली. "आजची गोळी घेतलीत का?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"आधी घ्या," असं म्हणून त्या गेल्या.

काका कितीतरी वेळ तो खुर्च्यांचा नकाशा समोर धरून बसले. आपण काय केलं ते त्यांना लख्ख कळलं होतं. मीटर वाचणाऱ्याला घराचं दार बंद मिळालं की कंपनीचा नियम असा: मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढायची आणि तोच आकडा टाकायचा. काकांनी नर्सताईंची सरासरी टाकली होती! मागच्या तीन सभा, हात मांडीवर, म्हणून चौथीलाही मांडीवर. पण कंपनीच्या वहीत त्या आकड्याशेजारी निदान 'दा. बं.' असा शेरा मारायचा असतो. दार बंद. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा आकडा डोळ्यांनी पाहिलेला नाही. काकांनी तो शेराही मारला नव्हता. एकतीस वर्षांच्या नोकरीत जे केलं नाही ते त्यांनी स्वतःच्या ब्लॉगवर केलं होतं. त्यांना लाज वाटली, अगदी तोंड लपवावं अशी.

"बंद करतो हे सगळं," ते काकूंना म्हणाले. "लेख पुसून टाकतो आणि ब्लॉगच बंद करतो."

"वा! घाण करायची आणि दुकान गुंडाळून पळायचं. आणि तिचं काय? चार हजार लोकांच्या डोक्यातून काय बोटाने पुसणार आहात?"

"मग काय करू?"

"ते तुम्हाला ठाऊक आहे. मला कशाला विचारता?"

काकांनी लेख तसाच ठेवला, चुकीच्या वाक्यावर रेघ मारली आणि वर सहा ओळी लिहिल्या. खांब होता, मी पाहिलं नव्हतं, तरी लिहिलं, ताईंचा हात वर होता आणि त्यांच्या पक्षाच्या बाकांवर तो एकटाच होता. काकूंनी वाचलं. कुठेही अडखळल्या नाहीत. त्या सहा ओळी किती जणांनी वाचल्या? एकसष्ट.

चार हजार आणि एकसष्ट. काका आकड्यांचा माणूस, त्यांना हिशेब समजावून सांगायला नको होता. मंगळवारी सकाळी त्यांनी माळ्यावरून जुनी खांद्याची पिशवी काढली, वही घातली आणि वॉर्डात निघाले. फेरीचा क्रम पायांना पाठ होता. प्रत्येक दारात उभं राहून एकच सांगायचं: "नर्सताईंचा हात वर होता. मी न पाहता लिहिलं. चूक माझी."

एका आजोबांनी सवयीने मीटरसमोरचं कपाट सरकवायला घेतलं. एका बाईंनी विचारलं, "कसला हात?" त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, म्हणजे ज्यांना चूक माहीत नव्हती त्यांनाही काकांनी ती पोचवली. एका तरुणाने ऐकवलं, "तुमच्यावर विश्वास होता काका, म्हणून पुढे पाठवलं." एकाने तोंडावर दार लावलं. पण बहुतेकांनी ऐकून घेतलं, पाणी विचारलं, उन्हात फिरू नका म्हणून दटावलं. भाजीवाली तर हातातला तराजू खाली ठेवून म्हणाली, "अरे देवा! आता मी ताईंपुढे कोणत्या तोंडाने जाऊ?"

"ज्या तोंडाने मी तुमच्यापुढे आलो," काका म्हणाले, "त्याच."

ती ताईंकडे गेली. हे काकांना नंतर कळलं.

आणि जिथे दार बंद मिळालं तिथे काकांनी वहीत लिहिलं, 'दा. बं.', आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. एक घर चार फेऱ्यांनंतर उघडं मिळालं. सगळ्या वॉर्डाला नऊ दिवस लागले. शेवटच्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन पाय पसरून बसले तेव्हा काकूंनी चहाचा कप पुढे केला. काका म्हणाले, "तू विचारलं होतंस मला."

"मी नेहमीच विचारते. तुम्ही ऐकता कधी?"

"नाही ऐकत. तरी तू विचारायचं थांबत नाहीस. माझं नशीब थोर म्हणून तू आहेस." चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदाच आलं होतं. काकूंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पुढच्या महिन्यात सभा होती. काका दबकत गेले, मागेच कुठेतरी उभं राहावं म्हणून. तोच पालिकेचा शिपाई आला आणि त्यांना दंडाला धरून पुढे घेऊन गेला. बाकांच्या पुढे, उजव्या भिंतीला लागून, एक लाकडी खुर्ची एकटीच ठेवलेली होती.

"बसा. नर्सताईंनी ठेवायला सांगितलीय. स्वतः आधी बसून बघितलं त्यांनी. म्हणाल्या, इथून सगळे हात दिसतात."

काकांनी कोपऱ्यात पाहिलं. ताई कागद चाळत होत्या, मान वर केली नाही. ज्या बाईचं नाव आपण गावभर खराब केलं, तिने आपल्याला नीट दिसावं म्हणून स्वतः खुर्चीत बसून बघितलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, नकाशा काढला.

त्या दिवशी शाळेसमोरचा रस्ता रुंद करण्यासाठी सात झाडं तोडायचा ठराव होता. झाडं म्हणजे काकांचा जीव. मतदान झालं आणि तोडायच्या बाजूने जे हात वर गेले त्यात एक हात नर्सताईंचा होता. सरळ, ताठ, सगळ्यांना दिसेल असा. काकांचं रक्त उसळलं. भर सभेत ओरडावंसं वाटलं. पण त्यांनी ओठ आवळले आणि खूण केली.

गुरुवारी दुपारी काकू वाचायला बसल्या. 'नर्सताईंनी झाडं तोडण्याच्या बाजूने हात वर केला. शाळेसमोर अपघात होतात, असं कारण त्यांनी सभेत दिलं. मला ते पटलेलं नाही.' काकू थांबल्या, चष्म्यावरून बघितलं.

"हे पाहिलंत?"

"पाहिलं," काका म्हणाले. "तिनेच ठेवलेल्या खुर्चीवर बसून पाहिलं."

"मग राहू दे," काकू म्हणाल्या आणि पुढचं वाक्य वाचू लागल्या.