पयले बोलला तो सुटला

तांड्यातला नसाब म्हणजे आमच्या भागातलं जुनं कोर्ट. नायकाच्या ओट्यावर पंच बसते, समोर गुन्हेगार उकिडवा बसते, अन् बाकीचा तांडा दुरून तमाशा पायते. इंद्रजीत राठोडचा तांडा पांढरकवड्याच्या अलीकडं, जंगलाच्या कडेला. त्याचा बाप धरमसिंग पंचात बसे. धरमसिंगची एक रीत होती. दुसऱ्यानं सांगाच्या आंधी गुन्हेगार सोताच्या तोंडानं बोलला, तं दंड अर्धा. त्याच्या मांगून जो सांगाले येईन, तो नुसता चुगलखोर.

एकदा एकानं शेजाऱ्याचा बोकड कापून खाल्ला. शेजारी तक्रार घेऊन निंगाला, तं त्याच्या आंधीच हा नायकाच्या दारात जाऊन रडला. अर्ध्या दंडात सुटला. वरून शेजाऱ्यालेच बोलणी बसली, का बावा, माणूस सोता कबूल करून राह्यला, तुले आणखी काय पायजे? इंद्रजीत तवा लहान होता, ओट्याखाली बसून पाह्यत होता. पुढं तो लय शिकला, पण जिंदगीत कामी आला तो हा बोकड.

गणितात पोट्टं तेज. पांढरकवडा झालं, अमरावती झालं, मंग यवतमाळच्या एका कॉलेजात प्राध्यापक. विषय संमिश्र विश्लेषण, त्यातला भूमितीचा भाग. तांड्यात कोणी विचारलं का तू नेमकं करतं काय, तं तो काठीनं मातीत गोल काढे.

"हे गोल वावर समज. फलन म्हणजे हे वावर उचलून दुसरीकडं पसरवाचं. ताणा, वाकवा, पण एक ढेकूळ दुसऱ्या ढेकळावर पडलं नाही पायजे. मंग आकार कोणता झाला, ते पायाचं."

"अन् तारकाकृती म्हणतं ते?"

"नायकाच्या ओट्यावर उभं राह्यलं का सगळी दारं दिसते ना? एकही घर दुसऱ्याच्या कोपऱ्यामांगं लपत नाही. तसा आकार."

धरमसिंगले पटलं. "म्हणजे तिकडंबी तू तांडेच बसवून राह्यला."

बसवलाच त्यानं एक. दोन अटी घातल्या, अन् त्या दोन्ही पाळणाऱ्या फलनांचा एक वर्ग केला. नाव ठेवलं डी-वर्ग. डी म्हणजे धरमसिंग. या धंद्यात एक वर्ग काढला का जनम निंगते. व्याख्या लिहा, सहगुणक कुठवर वाढू शकते ते काढा, परिषदेत वाचा, जेवा, घरी या. पुढच्या साली अटीतला एक आकडा बदलवा, का नवा पेपर. एकाच पऱ्हाटीचं बियाणं दरसाल नव्या पुड्यात. त्याच्या हाताखाली पोरं डॉक्टर झाली, त्या पोरायच्या हाताखालची झाली, अन् डी-वर्ग चालत राह्यला.

शिकवाले राठोड सर चांगले होते, पण जिभेले काटे. फळ्यापुढं पोट्टं अडलं का म्हणे, "बस खाली. तुझ्या बापाच्या बैलाले उभं केलं असतं, तं त्यानं निदान शेण तं टाकलं असतं." वर्ग हासे. ज्याचा बाप अन् बैल दोन्ही निंगाले, तो खाली पाहे.

वैष्णवी गावंडे ही त्यायची शेवटची विद्यार्थिनी. लोहाऱ्याच्या पलीकडच्या गावातली, विठ्ठलरावची पोरगी. डॉक्टर होतवर लग्नाचं नाव काढाचं नाही, असा बापलेकीचा करार होता. पण विठ्ठलरावच्या बहिणीनं एक पोरगा हेरून ठेवलता, अन् विठ्ठलरावनं सांगून टाकलतं, "औंदा झाली तं झाली. नाही तं आत्यानं सांगतलं ते ऐकाचं."

तिले थीसिसच्या पहिल्या पानावर एक चित्र पायजे होतं. डी-वर्गातलं कोणतंबी एक फलन घ्यावं, अन् गोल वावराचं काय होते ते कॉम्प्युटरवर काढून लावावं. एवढीच हौस. तिनं सरच्या पेपरात उदाहरण शोधलं. नव्हतं. सरच्या जुन्या विद्यार्थ्याच्या पेपरात पाह्यलं. तिथं लिहेल होतं, उदाहरणासाठी राठोड यांचा पेपर पाहावा. मंग तिनं सोताच घडवाले घेतलं. पहिली अट जमली का दुसरी मोडे, दुसरी जमवली का पहिली जाये. महिनाभर झटली, अन् तिच्या ध्यानात आलं का हे जमतच नाही. दोन्ही अटी पाळणारं फलन जगात एकच आहे. जे वावर उचलतच नाही, जागच्या जागी ठेवते, ते.

म्हणजे सरचा एकही सिद्धांत खोटा नव्हता. रिकाम्या घरातली सगळी माणसं सहा फुटाची आहे म्हणलं, तं कोण खोडून काढते?

तिनं पुरावा दोन पानावर लिहिला अन् सरच्या घरी गेली. सरले ईमेल चालत नसे. हातानं लिहेल पायजे, हातीच आणून द्या.

"सर, डी-वर्गात कोणीच नाही."

"कोणीच नाही म्हणजे?"

"एक आहे. जे काहीच करत नाही ते."

सरनं पानं घेतली. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, पुन्हा पहिलं वाचलं. "कोणाले दाखवलं?"

"कोणालेच नाही. याचं शेवटचं प्रकरण करतो म्हणलं."

"ठेवून जा. मी तपासतो. तवर तोंड उघडू नको. चूक निंगाली तं लोक तुलेच बह्याड म्हणतीन."

त्या दिवशी सरनं तिच्या बापाचा बैल काढला नाही. तिथंच तिनं ओळखाले पायजे होतं.

मंग रोजचं झालं. "सर, पाह्यलं काय?" "पाह्यून राह्यलो ना." विठ्ठलराव घरच्या तुरीची डाळ घेऊन सरच्या घरी जाऊन आला. "पोरीचं औंदा होईन ना, सर?"

"होईन ना. लय हुशार आहे तुमची पोरगी, विठ्ठलराव," सर म्हणाले, अन् डाळ आत ठेवाले सांगतली.

पऱ्हाटी उलंगली, कापसाची येचणी सरली, तवा गणिताच्या एका पत्रिकेत टीप छापून आली. लेखक एकटे इंद्रजीत राठोड. सोताच मांडलेला वर्ग नव्याने तपासताना असे आढळले, का त्यात एकच फलन आहे. खाली पुरावा. वैष्णवीचा, अक्षराले अक्षर. शेवटी आभार मानले होते, धरमसिंग राठोड यांचे.

सरचं नाव डी-वर्गानं झालं नव्हतं, एवढं त्या टिपेनं झालं. जनमभराचं काम सोताच्या हातानं मोडणारा माणूस, म्हणून कॉलेजनं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. संस्थेचे अध्यक्ष बोलले का असा खरेपणा आता फक्त गणितातच उरला आहे. शालीचं ताट वैष्णवीच्या हाती देल्लतं. पोरगी उंच आहे, फोटोत शोभते.

थीसिस जमा कराची वेळ आली. चोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं तिचं शेवटचं प्रकरण जिथं तिथं लाल करून टाकलं. कोणाची चोरी, तं राठोड सरची.

"सर, हे माझं आहे."

"मी कुठं नाही म्हणून राह्यलो? काढून टाक ते प्रकरण. सही करतो."

"मंग राह्यते काय? बाकीची सगळी प्रकरणं रिकाम्या घराची आहे."

"रिकाम्या घरावरच डिग्री भेटते, बाई. मलेबी भेटलती."

ती तक्रार करू शकत होती. पण गाईडची सही नाही तं डिग्री नाही, अन् डिग्री नाही तं आत्यानं हेरेल पोरगा. नसाबात तरी न्याय भेटन म्हणून ती एसटीनं पांढरकवड्याले गेली, तिथून ऑटोनं तांड्यात. धरमसिंग आता थकला होता, पण ओट्यावरच बसेल होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"पयले कोण बोललं? तो का तू?"

"ते बोलले. पण माझ्या तोंडातलं काढून बोलले."

"तोंड कोणाचं ते नसाबात नाही पायत, पोरी. पयले बोलला तो सुटला."

"तुमचा पोरगा आहे म्हणून?"

"रीत माझी आहे म्हणून. आज तुझ्यासाठी मोडली, तं उद्या बोकडाचा मालक येईन. तो अजून जिता आहे." मंग त्यानं आत आवाज देला, "पोरीले च्या द्या. दुरून आली."

तिनं च्या घेतला, घरी आली, अन् प्रकरण काढून टाकलं.

थीसिसच्या तोंडी परीक्षेले बाहेरगावचे म्हातारे परीक्षक आलते. पहिल्या ओळीत सर, शेवटच्या ओळीत इस्त्रीचा सदरा घालून विठ्ठलराव.

"तुमच्या सरांची टीप मी वाचली आहे," परीक्षक म्हणाले. "मग सांगा, या वर्गात त्या एका फलनाखेरीज दुसरं काही आहे?"

"नाही."

"कोणी दाखवलं?"

सर तिच्याकडंच पाह्यत होते.

"सरांनी."

"मग तुमच्या प्रबंधाचा उपयोग काय?"

सरच बोलले, "ऐतिहासिक महत्त्व आहे, सर." सगळे हासले. विठ्ठलरावबी हासला. त्याले वाटलं, पोरीचं कौतुक चाललं.

डिग्री भेटली. बाहेर व्हरांड्यात सरनं पेढ्याचा डबा पुढं केला. "समजदार निंगाली तू. घे."

तिनं पेढा घेतला. "सर, एक विचारू? टीप पाठवाच्या आंधी तुम्ही ओळ न् ओळ तपासलती ना?"

"काहून?"

"तुमच्याजवळ देल्लं ते माझं पयलं लिहिणं होतं. त्यात दुसऱ्या पानावर एक पायरी चुकली आहे. मले मांगून दिसली. थीसिसच्या प्रकरणात मी ती नीट केलती, पण ते तुम्ही न वाचताच काढाले लावलं."

"कोणती पायरी?"

"सर, पुरावा तुमचा आहे," ती म्हणली, अन् पेढा तोंडात टाकून बापाकडं निंगून गेली.

आता ती दारव्ह्याकडच्या एका कॉलेजात शिकवते. आत्यानं हेरेल पोरगा दुसरीकडं खपला. चूक खरंच आहे का नाही, ते तिलेच ठाऊक, अन् ती सांगत नाही. सर तिले विचारू शकत नाही. विचारलं तं पुरावा कोणाचा, ते आपोआपच निंगते. दुसऱ्या कोणाले तपासाले देऊ शकत नाही. त्याले चूक दिसली तं पयले तोच बोलन. कॉलेज सुटलं का सर ती दोन पानं घेऊन बसते. नवा पेपर नाही, नवा विद्यार्थी नाही. सत्काराची शाल खुर्चीवर टाकेल आहे, बूड दुखू नये म्हणून.

दिवाळीले तांड्यात गेलते. ओट्याखाली, लहानपणी बसे तिथंच बसले, अन् काठीनं मातीत काहीबाही लिहू लागले. लिहे, पुसे, पुन्हा लिहे. धरमसिंग वरून पाह्यत होता.

"काही गुन्हा झाला असन तं पयले बोलून टाक," म्हातारा म्हणला. "मोकळा होशीन."

"बोलतो ना, बा," सर मान वर न करता म्हणाले. "सापडू तं दे."