गनवाले मामा आणि मामींची आठी

जगातली निम्मी दुःखं वेळेवर तेल न घातल्यामुळे होतात आणि उरलेली निम्मी टाकीतलं पाणी न काढल्यामुळे, यावर माझ्या मामेसासऱ्यांइतकी अढळ श्रद्धा असलेला दुसरा माणूस उभ्या नाशकात सापडायचा नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा 'मुलीचे मामा गन दुरुस्त करतात' एवढंच आमच्याकडे कळलं होतं, आणि तेवढ्यावर आमचे वडील आठवडाभर गप्प होते. ती गन म्हणजे टायरवाल्यांकडे असते ती, हवेच्या दाबावर ट्रकच्या चाकाचे नट टरटर सोडवणारी, हा खुलासा थेट साखरपुड्यात झाला. पंचवटीच्या पुढे, आडगाव नाक्याजवळ मामांचं दुकान आणि दुकानाच्या पाठीला घर. पार घोटीपासूनचे टायरवाले आपली दमलेली गन पिशवीत घालून तिथं आणतात. मामा ती लगेच खोलत नाहीत, आधी आणणाऱ्याची उलटतपासणी घेतात. "कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढतो का रोज?" "काढतो ना काका." "मग हिच्या तोंडातून तांबडं पाणी कसं येतंय? पान खाल्लं का हिनं?" गन नीट झाल्यावरसुद्धा ती सहजासहजी परत मिळत नाही. गिऱ्हाइकाने समोर उभं राहून, स्वतःच्या हाताने, हवा आत शिरते त्या तोंडात चार थेंब तेल सोडायचं, मगच पाठवणी. पोटची पोरगी सासरी धाडतानाही ते एवढे हळवे झाले नव्हते, असं मामी सांगतात.

मामांचं सारं निदान कानावर. गन एकदा नुसती मोकळी फिरवायची, एकदा बाकाला जखडलेल्या ट्रकच्या जुन्या चाकावर चालवायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, की हवेनं फिरणाऱ्या पट्ट्या झिजल्यात, की आतल्या दोन हातोड्यांपैकी एक लंगडी मारतेय. एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. जिलेबी वाढली जात होती, आणि रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याची गन वाजली. मामांचा घास हातातच राहिला. "जावईबापू, हिचा जीव चाललाय," असं मला म्हणून ते उष्ट्या हातानं रस्ता ओलांडून गेले. मुलीकडच्यांना वाटलं, मानपानात काहीतरी चुकलं. त्यांचे दोन वडीलधारे हात जोडत मागोमाग धावले, तर मामा टायरांच्या ढिगाशेजारी तेलाची बुधली मागत उभे! मामींना मात्र या आवाजाचा भारी तिटकारा. "सगळा जन्म ह्या टरटरीत गेला माझा," हे वाक्य त्यांच्याकडे चहाबरोबरच मिळतं.

गेल्या वर्षी मी तिथं बसलो असताना घोटीचा एक टायरवाला दुरुस्त करून नेलेली गन घेऊन परत आला. असं कधी घडलं नव्हतं. "काका, राग नका मानू, पण ही आधीपेक्षा वाईट वाजतीय." मामांनी ती चाकावर चालवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "चांगली तर हाय!" टायरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. तो लंगडेपणा मलासुद्धा ऐकू येत होता, आणि मी बँकेत खर्डेघाशी करणारा माणूस. ज्या आवाजावर मामा जन्मभर जगले, त्यानेच त्यांचे कान खाल्ले होते. आमचे चेहरे बघून त्यांच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यांनी गन खाली ठेवली आणि स्वच्छ असलेले हात फडक्याने पुसत राहिले. आता दुकान बंदच करावं लागणार, या विचाराने मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आतल्या दारातून, कणकेचे हात घेऊन, मामी बोलल्या, "एक हातोडी मार चुकवतीय. कवाची ऐकतेय मी." मामांना ते ऐकू गेलं नाही, मी ओरडून सांगितलं. त्यांनी गन खोलली. एक हातोडी खरंच उलटी बसली होती. मामा ती हातोडी हातात घेऊन मामींकडे वळले. "तुला कसं गं कळलं?"

"दुसरं काय ऐकायला दिलंत मला इतकी वर्षं?"

तेव्हापासून मामा गन चालवताना डोळे मिटत नाहीत, दारात उभ्या मामींच्या कपाळाकडे बघतात. तिथली आठी विरली की गन बरी झाली. मामी लेकीकडे गेल्या की दुकानाला कुलूप. "काकांना करमत नाय," म्हणून गिऱ्हाइकं हसतात, आणि ते काही अगदीच खोटं नाही.

मुलाने मध्यंतरी कानाचं यंत्र आणून दिलं. दुकानात ते गनच्या आवाजाने किंचाळतं म्हणे, म्हणून तिथं मामा ते घालत नाहीत. परवा संध्याकाळी गेलो तेव्हा शटर खाली ओढलेलं होतं आणि मामा मागच्या ओट्यावर यंत्र कानात अडकवून बसले होते. मामी कोथिंबीर निवडत शेजारणीच्या सुनेचं काहीतरी लांबण लावून सांगत होत्या. मी हळूच चिडवलं, "मामा, दुसऱ्याच्या सुनेचं एवढं काय मन लावून ऐकताय?"

त्यांनी मला हातानेच गप्प केलं. "थांबा जावईबापू, तिचं पुरं होऊ द्या. त्या टरटरीत हिचं लय ऐकायचं राहून गेलंय."

मी ओट्यावर टेकलो, आणि मामींनी माझ्यासाठी ती सून पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली. मामा दुसऱ्यांदाही तितकंच मन लावून ऐकत होते.