अकरा जणांचं एकच वाक्य

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. होळीच्या आधीच्या बुधवारी, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी.

वेळ अंदाजाने लिहीत नाही. दोन अडतीसला तिने मला एक स्क्रीनशॉट पाठवला होता, कॉलेजात प्रॅक्टिकल चालू असताना, मोबाइल बाकाखाली धरून. त्यात एका अनोळखी माणसाच्या प्रतिक्रियेची पहिली ओळ दिसत होती. इंग्रजीत होती, मराठीत सांगायची तर अशी: 'शेवटच्या त्या खुणेपाशी मी स्क्रीनवरून बोट उचललं, कारण माझे आजोबा...' खाली बहिणीने लिहिलं होतं, 'ताई!!! कुणालातरी कळलं!' दोन मिनिटांनी सरांची पाठ वळली, तसं पुढचं वाचायला तिने पान उघडलं. पान नव्हतं. 'नियमभंगामुळे ही प्रवेशिका काढून टाकण्यात आली आहे.' एवढंच.

त्या माणसाच्या आजोबांचं काय, ते आम्हाला आजपर्यंत माहीत नाही.

गेम जॅम काय असतं ते आधी सांगते, कारण मलाही ते तीनदा समजावून घ्यावं लागलं. शुक्रवारी संध्याकाळी एक विषय जाहीर होतो. रविवारी संध्याकाळपर्यंत त्या विषयावर गेम बनवायचा, एकट्याने किंवा चौघांनी मिळून, आणि स्पर्धेच्या पानावर टाकायचा. मग पुढचा आठवडाभर सगळ्यांनी एकमेकांचे गेम खेळायचे आणि खाली लिहायचं: कुठे अडलो, काय आवडलं, काय जमलं नाही. माझ्या बहिणीसारखी, कुठल्या कंपनीत नसलेली, घरी बसून गेम बनवणारी मुलं ह्या आठवड्यासाठीच भाग घेतात. बक्षीस एकालाच. पण अनोळखी माणसाने आपली वस्तू हाताळून खरं सांगणं सगळ्यांना हवं असतं.

त्या वेळचा विषय होता 'शब्दांशिवाय'.

आम्ही भेस्तानला राहतो. पप्पा धुळ्याकडून आले तेव्हापासून खात्यात आहेत. खातं म्हणजे लूमचा कारखाना, सुरतेत तोच शब्द चालतो. आत मशीनचा आवाज एवढा की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून कारीगर हातांनी बोलतात. डोक्यावर मूठ ठेवली, म्हणजे शेठ आला. पोटावर दोन बोटं, म्हणजे चल, डबा खाऊ. आणि एक खूण अशी: तळवा छातीवरून सावकाश खाली आणायचा. तू बस, तुझ्या मशीन मी बघतो. पप्पांचे कान आता बरेचसे गेलेत, त्यामुळे आमच्या घरातही असंच बोलणं चालतं. आई स्वयंपाक करता करता थकली की पप्पा दारातूनच तळवा छातीवरून खाली आणतात आणि पोळ्या लाटायला बसतात. वाकड्यातिकड्या लाटतात.

बहिणीने ह्यावरच गेम केला. तुम्ही कारीगर. समोर आठ मशीन. तार तुटली की त्या मशीनवर बोट लावून गाठ मारायची. एक जोडता जोडता दुसरी तुटते. पलीकडच्या रांगेत एक म्हातारा कारीगर तुमच्याशी हातांनी बोलतो. संपूर्ण गेममध्ये एक अक्षर नाही. शेवटी तारा इतक्या भराभर तुटायला लागतात की माणूस रडकुंडीला येतो, आणि तेव्हा म्हातारा तळवा छातीवरून खाली आणतो. तुम्ही जोडत राहिलात तर गेम संपतच नाही. बोट उचललंत तर म्हातारा येतो, तुमच्या तारा जोडतो, आणि तुम्ही बसता. हाच शेवट. न खेळता मिळणारा.

ही खूण सुरतेबाहेरच्या, खातं न पाहिलेल्या एखाद्या माणसाला कळेल का, एवढंच तिला बघायचं होतं. कळली तर ती असे गेम करत राहणार होती. नाही कळली, तर कापड मार्केटमध्ये साड्यांच्या फोटोंमधला मागचा भाग कॉम्प्युटरवर कापायचं काम तिला सांगून आलेलंच होतं.

सोमवारी पहिल्या प्रतिक्रिया आल्या. 'सूचना दिलेल्या नाहीत.' 'संवाद दिसत नाहीत, बहुतेक लोड होत नाहीत.' 'शेवटी गेम अडकतो, दुरुस्त करा.' एकाने फक्त 'अपूर्ण' लिहिलं होतं. विषय काय होता, बाबांनो? शब्दांशिवाय! आणि ही माझी बहीण त्याच दिवसांत दुसऱ्यांचे एकतीस गेम खेळून प्रत्येकाला चार-चार ओळी लिहीत होती. दार उघडताना आवाज उशिरा येतो. तिसऱ्या पातळीवर उडी मारली की पाय भिंतीत जातो. एवढ्या बारकाईने.

माझं डोकं फिरलं. आणि इथे माझी चूक येते. ती लपवणार नाही.

मी कारीगरांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते, तीन भाषांत, आणि सह्या गोळा करते. पाण्याचा नळ नाही, गोळा कर सह्या. खात्यात पंखा नाही, गोळा कर सह्या. मंगळवारी आमच्या गल्लीतल्या खात्यांची वीज बंद असते, त्यामुळे सगळे घरी होते. मी पप्पांच्या ओळखीचे अकरा कारीगर चहाच्या टपरीवर जमवले, माझ्या मोबाइलचं नेट सगळ्यांना दिलं, प्रत्येकाच्या मोबाइलवर स्पर्धेच्या पानाचं खातं उघडून दिलं आणि म्हटलं, खेळा.

ते खेळले. मी साक्षीदार आहे. चहा गार झाला तरी खेळत होते. शेवटच्या खुणेपाशी अकराच्या अकरा जणांनी बोट उचललं, एकालाही सांगावं लागलं नाही. आणि मग बोलायला लागले. पप्पांच्या समोरच्या मशीनवरचे काका मोबाइल माझ्यापुढे नाचवत म्हणाले, "पोरी, हाई खोटं शे. तार तुटनी म्हणजे मशीन अशी नही थांबस. आधी धडधड करस." दुसऱ्याने सांगितलं की डोक्यावर मूठ ही खूण तुमच्या खात्यातली, आमच्या खात्यात शेठ आला की मिशीला पीळ देतात. "मग बिनमिशीचा शेठ आला तर?" तिसरा म्हणाला. "तर आपली मिशी पिळायची," तो म्हणाला, "त्याला काय कळतंय!" सगळे हसले. एक जण हसला नाही. तो पुन्हा पुन्हा शेवट खेळत होता, आणि मोबाइल परत देताना एवढंच म्हणाला की म्हातारा फार लवकर येतो. खरा एवढ्या लवकर येत नाही.

ह्यातलं मी काय लिहिलं? सांगते. मी अकरा मोबाइल हातात घेतले आणि अकरा ठिकाणी टाइप केलं: 'कारीगरांच्या जीवनाचं वास्तव मांडणारा हा गेम आम्हाला अतिशय आवडला. आम्ही त्याला पूर्ण पाठिंबा देतो.' इंग्रजीत. अकरा वेळा. पाच-पाच तारे. निवेदन असंच असतं ना, वर एक मजकूर आणि खाली सह्या. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट घरी जाताना मी छाती पुढे काढून चालले.

बुधवारी दुपारी आयोजकांनी बघितलं: एकाच नेटवरून, एका तासात, एकाच मजकुराची अकरा मतं. खोटी खाती, असं ठरवलं. गेम काढला. बहिणीचं खातं बंद केलं. खातं बंद झालं तशा तिने दुसऱ्यांना लिहिलेल्या एकतीस प्रतिक्रियाही पुसल्या गेल्या. आणि तिच्या गेमखालचं सगळं गेलं, त्या अनोळखी माणसाचं वाक्यही.

चूक माझी. पण तिला एक ओळ लिहून विचारता येत नव्हतं? 'हे काय आहे, खुलासा करा' एवढं? खात्यात कारीगराला काढतानाही शेठ निदान तोंडाने सांगतो. इथे तेही नाही. तिने मेल केली, उत्तर आलं: 'प्रामाणिकपणा हे आमच्या समुदायाचं पहिलं मूल्य आहे.' खाली हसरा चेहरा. तो हसरा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

शनिवारी नव्या सुरतेत, काचेच्या इमारतीतल्या एका हॉलमध्ये त्यांनी निवडक गेम मांडले होते. मी गेले. एकटी नाही, कागद घेऊन: अकरा जणांची नावं, खात्यांचे पत्ते, सह्या, दोघांचे अंगठे. बहीण नको नको म्हणत मागे आली. आयोजक माझ्याच वयाचा, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. त्याने कागद वरून खाली बघितला.

"बेन, ये मोर्चा नहीं है. गेम जैम है."

"माणसं खरी आहेत," मी म्हटलं. "फोन लाव. आत्ता लाव."

"माणसं खरी असतील. पण अकरा माणसं एकच वाक्य कसं बोलतील? तमेज कहो." तुम्हीच सांगा, म्हणे.

मी बोलत राहिले, आवाज चढवून, कारण गप्प बसायची मला सवय नाही. मी म्हटलं, माझं वाक्य काढा, पण त्या परक्या माणसाचं परत द्या, ते तर आम्ही लिहिलेलं नाही. तो म्हणाला, काढलेलं परत येत नाही, सिस्टीम तशी आहे. मी म्हटलं, सिस्टीम कुणी केली? तो म्हणाला, मॅडम, प्लीज. बाजूच्या टेबलावर एक मुलगा आपला गेम दाखवत होता. तिसऱ्या पातळीवर उडी मारली की पाय भिंतीत जायचा तो. अजून जात होता. बहिणीने लिहिलेलं त्याने वाचायच्या आत पुसलं गेलं असणार. ती त्याच्याजवळ गेली आणि हळू आवाजात त्याला सांगू लागली. मी इथे भांडत होते आणि ती तिथे वाकून त्याला भिंत दाखवत होती.

परतताना बीआरटीएसच्या थांब्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"आयोजकांचं सोड. काका काय म्हणाले होते, ताई?"

मी सांगितलं. मशीन अशी थांबत नाही. आधी धडधडते. मिशीला पीळ. म्हातारा लवकर येतो.

ती माझ्याकडे वळली. "हे सगळं म्हणाले? आणि तू लिहिलंस पूर्ण पाठिंबा?"

"अगं, त्यांचं इंग्रजीत कसं..."

"इंग्रजीत कशाला? अहिराणीत लिहायचं. कुणी विचारलं असतं, ही कोणती भाषा, तर मी सांगितलं असतं." बस आली, ती चढली नाही. "त्यांनी माझं पुसलं ते दोन चाळीसला. तू अकरा जणांचं त्याच्या आदल्या दिवशीच पुसलंस."

मला ह्याहून कडक कुणी कधी बोललेलं नाही, पोलिसांसकट.

पुढच्या मंगळवारी ती स्वतः टपरीवर गेली. मी लांब बसले, मला तिची तशी ताकीदच होती. तिने कुणाला काही लिहायला लावलं नाही, मोबाइल सगळ्यांच्या मधोमध ठेवला आणि बोलणं रेकॉर्ड केलं. काकांनी धडधड तोंडाने करून दाखवली. तीच आता गेममध्ये आहे. तार तुटायच्या आधी काकांचा आवाज येतो. म्हातारा आता उशिरा येतो, इतका उशिरा की मी दोनदा वैतागून गेम सोडून दिला. साड्यांच्या फोटोंचं काम तिने घेतलं नाही म्हणून आई अजून धुसफुसते. पप्पांनी गेम शेवटपर्यंत खेळला. तळवा छातीवरून खाली आणला आणि तिच्या ताटाजवळचं पाणी स्वतः भरून आणलं.

पण त्या आजोबांचं वाक्य अर्धंच राहिलंय. ती अजून कधीकधी तो स्क्रीनशॉट उघडते. परवा म्हणाली, आजोबाही कारीगर असतील का? की त्यांना ऐकू येत नसेल? की नुसतेच दमलेले? काय बघून त्याने बोट उचललं, ते कळलं असतं तर पुढचा गेम काय करायचा ते कळलं असतं. आयोजकांनी एक प्रवेशिका काढली, असं त्यांच्या वहीत असेल. इथे एका मुलीचं उत्तर गेलंय.

आता मागणी. आयोजकांकडे नाही, तिथे मी जाऊन आले. तुमच्याकडे.

तुमच्या ओळखीत कुणीतरी असं काही बनवून दोन दिवसांपासून 'बघ ना एकदा' म्हणतंय. भाची असेल, शेजारचा असेल, ऑफिसातला असेल. तुम्ही 'बघतो' म्हणून ठेवून दिलंय. ते आज उघडा. शेवटपर्यंत खेळा. मग खाली लिहा, कुठे अडलात आणि का. 'छान' लिहू नका, 'पाठिंबा' तर मुळीच लिहू नका. घरी जसं बोलता तसं लिहा, आणि माझ्यासारखं कुणी ते नीटनेटकं करायला आलं तर मोबाइल त्याच्या हातात देऊ नका.