व्याह्यांची अर्धी विहीर

पृथ्वीवरची सगळी माती कुणीतरी एकदा टेप लावून मोजली पाहिजे, असं मनापासून वाटणारा एकच माणूस देवाने घडवला आणि तो नेमका माझा व्याही करून ठेवला. रोजगार हमीच्या कामांवर मोजमापं घेण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ते धायरीला मुलाकडे, म्हणजे माझ्या लेकीच्याच घरी राहायला आले. पण टेप खिशातून काही गेला नाही. सोसायटीत झाडं लावायला माळ्याने खड्डे घेतले, तर यांनी प्रत्येक खड्ड्यात मधोमध मातीचा एक खुंट न खणता ठेवायला लावला. हमीच्या कामावर किती खोल खणलं ते अशा खुंटावरूनच मोजतात. माळी म्हणाला, "काका, मग झाड कुठं लावू?" व्याही म्हणाले, "आधी मोजमाप, मग झाड." झाडं आठवडाभर पिशव्यांतच उभी होती.

यंत्राशी तर त्यांचं हाडवैर. हमीच्या कामावर माणसाच्या हाताला काम मिळालं पाहिजे, यंत्राला नाही, हा नियम त्यांनी घरी आणला. धायरीत पावलोपावली जेसीबी. प्रत्येकाकडे पाठ फिरवून हे उभे राहतात, त्यामुळे त्यांच्याबरोबर कोथिंबीर आणायला गेलं तरी तास मोडतो. आमच्या मुलांच्या साखरपुड्याला वाढायला उभ्या राहिलेल्या सगळ्यांचं त्यांनी हजेरीपत्रक काढलं होतं. माझी बायको पोळ्यांसाठी पुरणाचे गोळे करत होती. कागद पुढे आल्यावर ती एवढंच म्हणाली, "हात पुरणाचा आहे, अंगठा चालेल का?" यांनी गंभीरपणे अंगठा घेतला. तो कागद अजून त्यांच्या फायलीत आहे आणि त्याला मुंग्या लागतात.

मग दिल्लीत हमीचा जुना कायदा जाऊन नवा आला. हमीचे दिवस वाढले, पण गावोगावच्या कामांचे आराखडे नव्याने करायचे ठरले. त्या रविवारी मी नेमका त्यांच्याकडे जेवायला होतो. "व्याही, बघा," त्यांनी माझ्याच ताटात खुलासा सुरू केला, "हा भात म्हणजे घरकुल. त्याची मजुरी हमीतून. ही आमटी म्हणजे फळबाग, तिचे खड्डे हमीतून. ही वाटी म्हणजे विहीर, खोदाई हमीतून. दहा योजना एका हमीवर टेकलेल्या. आता ताटच बदललं तर वाट्या कुठं ठेवायच्या?" असं म्हणत त्यांनी माझं ताट उचललंच. विहिरीत श्रीखंड होतं. ते मला परत मिळालं नाही.

आम्ही हसतोय तोवर त्यांचा फोन वाजला. नोकरीतल्या शेवटच्या गावी त्यांनी एका वस्तीसाठी सार्वजनिक विहीर आखून दिली होती. ती अर्ध्यावर होती आणि वस्तीतल्या बायका अजून लांबून पाणी आणत होत्या. फोनवर तिथली मजुरांची मुकादम होती. "सायेब, नवा कायदा आलाय म्हनं. आमची हीर अर्धीच हाय. आता बुजवायची का काय?"

व्याह्यांचा घास हातातच राहिला. "बाई, विहीर बुजवायचा कायदा अजून कुणी केलेला नाही. मी येतो."

ग्रामसभेला मीच त्यांना गाडीतून घेऊन गेलो. लोणी काळभोर मागे टाकून आणखी तासभर. तेवढा वेळ ते भाषण घोकत होते. ग्रामसेवक म्हणाला, "जुन्या अपुऱ्या कामांचं वरून स्पष्ट काही आलेलं नाही. ठराव करून नव्या आराखड्यात घातलेलं बरं." लगेच पुढच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, "अर्धी हीर कशाला? रस्ता घ्या." व्याही ताडकन उठले. सरपंचांनी नम्रपणे विचारलं, "सायेब, तुमचं नाव हाय का गावच्या मतदार यादीत?"

"नाही," व्याही म्हणाले. "ग्रामसभेत मतदारानेच बोलावं. नियम बरोबर आहे." आणि खाली बसले. नियमाचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

मग मुकादमबाई उठल्या. "हीर किती खोल गेली, किती ऱ्हायली, समदं मोजून लिवलंय. रस्ता नंतर करा, आधी पानी. कामाची मागनी आमी आत्ता देतो. तारीख घालून पोच द्या." मागोमाग वस्तीतल्या बायका अर्ज घेऊन एकेक उभ्या राहिल्या. ठराव झाला. विहीर नव्या आराखड्यात पहिली लिहिली गेली, तेव्हा मी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

परतताना मी म्हटलं, "व्याही, तुमचं भाषण राहूनच गेलं."

"राहिलं कुठं? सगळं तिनं म्हटलं. तारखेची पोच हातात असली की काम टाळता येत नाही, ती मागायला मीच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी ती साधं नाव सांगायला लाजत होती." ते खूप खूश दिसत होते. हडपसरच्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा काचेतून बाहेर बघत म्हणाले, "आता काही तिचा फोन यायचा नाही."

मला त्यांना म्हणावंसं वाटलं, मी करत जाईन फोन. पण आम्हा पुण्यात बसलेल्यांची कुठली विहीर अर्धी असते, फोन करून विचारायला!