हलणारा पडदा

माझी लेक साड्यांच्या डिझाइनच्या ऑफिसात लागली तेव्हा मी घरी साड्यांच्या मागचे धागे कापायची. दुपारी तयार गठ्ठा बाजारात पोचवायचा आणि जाताजाता तिला डबा द्यायचा, असा माझा नेम होता.

ऑफिस म्हणजे एक अंधारी खोली. रंग नीट दिसावेत म्हणून खिडक्यांना काळे पडदे आणि मशीनसाठी, म्हणजे कॉम्प्युटरसाठी, एसी. उधन्याच्या रस्त्यावरच्या उन्हातून तिथं शिरलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटे. मधोमध लेकीचा मॉनिटर, गव्हाच्या कोठीएवढा. शेठने तो नवीनच आणला होता, कारण त्यात अख्खी साडी एकदम दिसे, पदर, काठ, बुट्टी, सगळं.

लेक म्हणायची, "थांब माय, एवढं फूल होऊ दे." मी तिच्या मागे फरशीवर बसायची. मॉनिटरचा पडदा बारीक बारीक हलायचा. सरळ पाहिलं तर कमी, डोळ्याच्या कोपऱ्यातून जास्त. लग्नानंतर आम्ही चलथाणला ऊसतोडीला होतो, तिथल्या कालव्याचं पाणी असंच थरथरायचं. पाहता पाहता माझा डोळा लागे. झोपेत मला फुलं पाण्यावरून जाताना दिसायची, निळी, केशरी, गावाकडे कधी न पाहिलेली. मी काठावर बसलेली असायची आणि कुणी उठ म्हणत नसे. आयुष्यात दिवसाढवळ्या झोपले ती तेवढीच.

लेकीला मात्र त्याच पडद्याने डोकं धरायचं. संध्याकाळी ती अंधार करून पडायची. डब्यातली भाकरी अर्धी परत यायची, मळमळतं म्हणायची. मी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आम्हा दोघींना लागला, डोकं होतं तसंच राहिलं.

तिचा बाप लूमवर होता. तो रोज डबा उघडून बघायचा. एकदा म्हणाला, "पोरना डोया जातीन, मंग कोन करी लगीन? दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर घरी बसेल, तुझ्याबरोबर धागे कापेल."

लेकीने माझी कात्री उचलून फळीवर ठेवली, कात्रीचं तोंड भिंतीकडे करून. त्या दिवसापासून काम संपलं की मी ती तिथंच, तशीच ठेवायची.

ऑफिसात मशीन दुरुस्त करणारा माणूस यायचा. त्याने तिला सांगितलं आणि तिने मला. पडद्यावरचं चित्र एका सेकंदात साठ वेळा काढलं जातं, म्हणून ते हलतं. पंच्याऐंशी वेळा काढलं तर डोळ्याला कळणार नाही. पण इतक्या बारीक ठिपक्यांचं चित्र इतक्या वेळा पाठवायला आतलं कार्ड दमतं. ठिपके कमी केले तर स्थिर होईल.

"मग कमी कर," मी म्हटलं.

"मग अख्खी साडी दिसत नाही, माय. नुसता काठ बघून पदर कसा काढू?"

शेठलाही अख्खीच साडी हवी होती. त्याने मुंबईहून मोठं कार्ड मागवलं. ते आलं दिवाळीच्या दिवशी. तोवर मशीनची पूजा झाली होती, मशीनच्या पेटीवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, होता आणि मॉनिटरला हार. मी डबा घेऊन उभीच होते. म्हटलं, "शेठ, आजच बसवा."

"मासी, लाभपांचम पहेलां मशीन खोलाय नहीं," शेठ गुजरातीत म्हणाला. "हिसाबना चोपडा पण बंद छे."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, लाभपांचम म्हणजे दिवाळीनंतर अजून पाच दिवस. तो म्हणाला, "मी दिवाळी म्हटलं होतं."

"तुमच्या आईची दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत चालायची. मरेपर्यंत फराळ मागत होती. तेव्हा नाही मोजली ती?"

"मग लाभपांचमीपर्यंत," तो न हसता म्हणाला.

लाभपांचमीला शेठने नारळ फोडला आणि त्या माणसाने मशीन उघडलं. जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं. मॉनिटरला जाड केबल जोडली. तिला मॉनिटरकडे पाच तोंडं होती, तीन रंगांची तीन आणि चित्र जागेवर धरणारी दोन. त्याने रंगांची दोन तोंडं एकमेकांच्या जागी लावली. पडदा उजळला तर लाल शालू निळा, हळदीचा पिवळा रंग समुद्रासारखा. सगळे बघत राहिले. मला वाटलं, माझी झोपेतली फुलं कुणी बाहेर काढली.

"आ कलर पण सारो लागे छे," शेठ खूश होऊन म्हणाला. "सेव करी दो."

"ते रंग मशीनमध्ये नाहीत शेठ, वायरीत आहेत," लेक म्हणाली. तिने स्वतः मागे हात घालून तोंडं बदलली. शालू परत लाल झाला.

मग मी नेहमीच्या जागी बसले. पडदा सारवलेल्या भिंतीसारखा उभा होता. पदरावरच्या वेलीचं पान न् पान मोजता आलं असतं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, तरी हलेना. मी वाट बघितली. झोप आली नाही, कालवा आला नाही. नंतरही त्या खोलीत मला कधी डोळा लागला नाही. एसी तोच होता, फरशी तीच होती.

लेकीने त्या दिवशी माझ्यासमोरच दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या, एक डोळा पडद्यावर ठेवून.

संध्याकाळी तिच्या बापाने डबा उघडला, बोट फिरवून पाहिलं आणि झाकण लावलं.

"उद्यापासून तीन टाक," म्हणाला.

फळीवरची कात्री मी खाली काढली आणि माझे धागे कापायला बसले.